जवारी

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, वॉर्ड नंबर चारमध्ये
मी एकदा देवाचा आवाज ऐकला.
ठसठशीत. गिरणीच्या भोंग्यासारखा.
म्हणाला, हा वाचणार.
हा म्हणजे सावर्ड्याचा पोरगा, वय एकोणीस,
झोपेतच मण्यार चावलेला.

मी बाहेर बाकावर त्याच्या आईला जाऊन सांगितलं,
प्रभूनं मला सांगितलंय. तुम्ही जेवून घ्या.
ती जेवली,
दोन दिवसांनी पहिल्यांदा,
वाळलेली भाकरी, शेंगांची चटणी.
तिचा शेवटचा घास
आणि आतल्या मॉनिटरवरची सरळ रेघ,
यांच्यात फार अंतर नव्हतं.

मग मी कान मिटून घेतले.
रविवारी मंडळी साक्ष द्यायची,
प्रभू माझ्याशी बोलला:
प्लॉटबद्दल, स्थळाबद्दल, दुबईच्या नोकरीबद्दल,
आणि मी दाराशी काढलेल्या चपला मोजत बसायची.
पाळक लोंढ्यांना एकदा विचारलं, जरा चिडूनच,
त्याचा आवाज ओळखायचा कसा?
ते चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
मलाही रोज कळत नाही, सुवार्ताबाई.
एवढंच बघितलंय, तो घाई करत नाही.
आणि आपली पाठ थोपटायला
सहसा येत नाही.

त्या वर्षी दस्तगीरचाचा भरती होते, दम्यानं.
सतारमेकर गल्लीतले.
छातीत भोपळा घुमतोय म्हणायचे.
बरे होऊन गेल्यावर त्यांचा विसरलेला पंप द्यायला
मी दुकानात गेले, तर तंबोरा मांडीवर,
कानशीनं घोडी घासणं चाललेलं.
तार छेडली. नुसतं टण्ण.
"सूर लागलाय, सिस्टर. पण बोलत नाही अजून."
तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला.
केसभर पुढं.
केसभर मागं.
मी दोनदा घड्याळ बघितलं.
आणि मग तार उघडली,
एकीच्या पोटातून कितीतरी बारीक आवाज,
आधीपासून तिथंच असलेले.
कसं कळतं चाचा, इथंच थांबायचं?
"चाळीस वर्षं बेसूर ऐकलं की कळतं."

तेव्हापासून बेसूर ऐकायला शिकतेय.
भीतीचा आवाज माझ्या थोरल्या नणंदेसारखा,
आपलं वाक्य पुरं होऊ देत नाही.
हौसेचा गोड असतो,
त्यात माझं नाव फार वेळा येतं.
एका रात्री तीन वाजता वाटलं, अकरा नंबरकडे जा.
गेले. म्हातारा जागा होता, पाणी हवं होतं.
तो प्रभू होता, की माझी बावीस वर्षांची नोकरी?
माहीत नाही.
पाणी पाजलं.

पण एक वाक्य होतं, अगदी तळाशी,
सहा वर्षं तेच, तेवढ्याच हळू:
तिच्याकडे जा.
मी त्याला थकवा म्हटलं,
रात्रपाळीचं पित्त म्हटलं,
एकदा तर सैतान म्हणून हाकललं.
ते भांडलं नाही.
गेलंही नाही.

मार्चमध्ये तासगावची एसटी धरली.
ती बेदाण्याच्या शेडमध्ये होती,
हिरव्या जाळीवर वाकून मणी चाळत.
मला बघून ओढणीनं हात पुसायला लागली
आणि पुसतच राहिली.
मी म्हणाले, मावशी, मी चुकले.
देवाचं नाव घेऊन मी माझंच बोलले.
वाऱ्यानं शेडनेट फुगलं, पडलं.
"मला ठाऊक होतं, सिस्टर," ती म्हणाली,
"सांगताना तुझा हात थरथरत होता.
मी जेवले ते तुझ्यासाठी."

मग मला बसायला पोतं दिलं.
देठ-काड्या निवडत राहिलो दोघी
संध्याकाळच्या गाडीपर्यंत.
बोललं कुणीच नाही.
मी कान देऊन होते.